वृक्षासन आणि मामाजींची फणी

मी आजही माझ्या सासऱ्यांच्या घरात राहतो, दोन वेळ जेवतो आणि दुपारी पंख्याखाली झोपतो, याचं सगळं श्रेय आमच्याच इमारतीतल्या शकूमावशींना आहे. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढची हकिकत ऐकताना तुम्ही हसाल आणि हसण्याच्या नादात त्या माउलीला विसराल. शकूमावशी भिवापूरकडच्या मिरचीवाल्या शेतकरी घरातल्या. मुलगा नागपुरात नोकरीला लागला म्हणून इथं नागपूरच्या बेसा भागात राहायला आल्या, आणि येताना मिरचीचं पोतं आणि गावचा आवाज सोबत घेऊन आल्या. मिरची संपते. आवाज संपत नाही. त्या तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारतात तेव्हा पुढच्या गल्लीतले रिक्षावालेसुद्धा "आलो मावशी!" म्हणून हजर होतात.

आता माझ्याबद्दल. मी मूळचा आजऱ्याकडचा. नागपूरहून गाव इतकं लांब, की निघताना घातलेला शर्ट पोचेपर्यंत जुन्या फॅशनचा होतो. शाळा नववीत सोडली. (शाळेनंच मला सोडलं असंही काही लोक म्हणतात, त्यात आमचे गुरुजी आहेत.) ट्रकवर क्लीनर म्हणून नागपूरला आलो. ट्रक परत गेला, मी राहिलो. आता शाळेची व्हॅन चालवतो. म्हणजे शाळेत जायच्या नावानं मला ताप भरायचा, आणि आता शाळेच्या दारात मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर! इथंच रजनी भेटली, लग्न झालं, आणि तिचे वडील एकटेच असल्यामुळे मी घरजावई झालो.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. जुने विणकर. उभी हयात हातमागावर साड्या विणण्यात गेली, मग माग बंद पडले आणि त्यांनी चौकीदारी धरली. पण अजूनही कुणाच्या अंगावर साडी दिसली की आधी काठ बघतात, मग माणूस. माणूस देवासारखा. अडचण एवढीच, की दर दोन दिवसांनी ते मला मायेनं सांगतात, "जवाईबापू, हे घर तुमचंच आहे, बरं का!" आणि हे वाक्य ऐकलं की माझ्या छातीत धडधडायला लागतं. खरंच माझं घर असतं तर एखादा ग्लास मी निवांत फोडला असता. दुसऱ्यानं प्रेमानं दिलेल्या घरात माणूस चमचासुद्धा श्वास रोखून ठेवतो.

त्यात रजनीला दिवस गेले. आनंदच झाला. पण आनंदसुद्धा मला आधी काळजीसारखाच वाटतो. मामाजींनी त्याच दिवशी जाहीर केलं, "रजनीच्या डोहाळजेवणाले साडी दुकानातून येणार नाही. मी विणीन. तिच्या आईच्या डोहाळजेवणाले विणली होती, तशीच करवतकाठी. शेवटची. मंग मागाले हात लावणार नाही." (करवतकाठी म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी.) माग आता घरात नव्हता, पण उमरेडला त्यांच्या एका जुन्या मित्राचा होता. मामाजींचं तिकडे येणंजाणं सुरू झालं. म्हातारा माणूस एकदम पंचविशीतला दिसायला लागला. आणि मी? मी डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरांनी सगळीकडून तपासलं आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे अजून व्हायचंय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी बाहेरचं दार दाखवलं. ही गोष्ट रजनीनं शकूमावशींना सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. "चला जवाईबापू! गच्चीवर योगाचा क्लास असते. तिथं आल्याबिगर तुमचं धडधडनं थांबत नाही!"

गच्चीवर सगळ्या बायका. पुरुष मी एकटाच. शिकवायला कीर्ती मॅडम: सडपातळ, शांत, बोलताना आवाज इतका हळू की आपणच मोठ्यानं ऐकतोय असं वाटावं. त्या म्हणाल्या, "घरातली अडगळ, शरीरातली अडगळ आणि मनातली अडगळ, तिन्ही एकच आहेत. एक काढली की बाकीच्या दोन हलतात." शरीरातली अडगळ म्हणजे काय, असं मी विचारलं. मॅडमनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "तर्रीपोहे खाता?" मी पोट आत ओढून घेतलं. तेवढ्यात मागून शकूमावशी म्हणाल्या, "खाते ना! वरून तर्री अजून मागते!" झालं. माझे तर्रीपोहे बंद झाले आणि रोज सकाळी भोपळ्याचा रस सुरू झाला. त्यानं अडगळ हलली की नाही ते माहीत नाही. माझी जगण्याची इच्छा मात्र थोडी हलली.

मग आली ती घातक शनिवारची सकाळ. मॅडमनी वृक्षासन शिकवलं. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मांडीला लावायचा, हात वर जोडायचे आणि नजर एका वस्तूवर ठेवायची. मॅडम म्हणाल्या, "उद्या रविवार. घरात एकेका जुन्या वस्तूसमोर उभं राहून हे आसन करा. जिच्यासमोर तोल गेला, ती वस्तू मनावरचं ओझं आहे असं समजा. तिला कृतज्ञतेनं निरोप द्या."

बाकीच्या बायकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन काहीही केलं नाही. शहाण्या होत्या. पण मी पडलो कमी शिकलेला! शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य आलं की ते मला सरकारी हुकमासारखं वाटतं. शिवाय बाळ येणार, पाळणा ठेवायला जागा नाही, आणि घरजावयानं कधीतरी घराच्या उपयोगी पडावं की नाही? मी ठरवलं, मामाजी परत येईपर्यंत घर आरशासारखं लख्ख करून टाकायचं!

रविवारी मामाजी सकाळीच उमरेडला गेले. रजनी लॅबमध्ये कामाला गेली. मी दार लावलं आणि एका पायावर उभा राहिलो.

पहिली वस्तू जुना रेडिओ. तोल गेला. काढला बाहेर. दुसरी वस्तू तुटका स्टूल. तोल गेला. मग बिघडलेला टेबलफॅन, मग काड्या नसलेल्या छत्र्या, मग कानतुटक्या कढया. तोल जातच होता! मी चकित झालो. माझ्या मनावर एवढं ओझं होतं तरी मी व्हॅन कशी चालवत होतो? मध्येच पाण्याच्या पिंपासमोर उभा राहिलो, तोल गेला. गॅसच्या सिलिंडरसमोर उभा राहिलो. तोल गेला, पण तिथं जरा अक्कल वापरली. भिंतीवर मामाजींचा फोटो होता. त्याच्याकडे बघितलं तर दोन्ही पाय जमिनीवर असतानाच तोल गेला!

(मला एका पायावर मुळात उभंच राहता येत नाही, ही शंका कुठल्याही साध्या माणसाला आली असती. मला आली नाही. मी कृतज्ञतेत बुडालो होतो.)

शेवटी सज्ज्यावर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर चढलो. तिथं अगदी आत, जुन्या चादरीत बांधलेलं एक लांबट गाठोडं होतं. सोडून बघितलं. हातभर नव्हे, चांगली दोन-अडीच हात लांब, कंगव्यासारखी एक चीज. मागं दोऱ्यांचे फासे. आणि त्या सगळ्यातून ओवून खाली लोंबणारे ढीगभर धागे, एखाद्या म्हातारीचे केस सुटावेत तसे. मी ते पलंगावर ठेवलं, समोर उभा राहिलो, पाय वर घेतला... आणि थेट पलंगावरच पडलो. त्या गाठोड्याच्या अंगावर! एवढ्या जोरात आजवर कुठल्याच वस्तूनं मला पाडलं नव्हतं. म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं ओझं हेच! मी हात जोडले, मनापासून "धन्यवाद" म्हणालो, आणि तेवढ्यात खालून हाक आली, "कबाडीSSS! भंगारवालाSSS!"

योगायोग बघा. मला वाटलं, विश्वच मदतीला आलं.

कबाड्यानं सगळं हातगाडीवर लादलं आणि बदल्यात मला एक मोठा प्लास्टिकचा टब दिला. (अडगळ काढायला निघालेल्या माणसाकडे शेवटी टब असतोच.) मी वर आलो. घर मोकळं, कोपरा मोकळा. पाळण्याची जागा डोळ्यांना दिसायला लागली. मी त्याच जागेवर शवासनात पडलो आणि कित्येक महिन्यांनी छातीत धडधड न होता झोपलो.

मध्येच रजनीचा फोन आला. "अजी, काय करून राहिले?"

"मोकळा झालो," मी म्हणालो.

"कशापासून?"

"सगळ्यापासून."

"तुमी ठीक आहे ना?" असं तिनं दोनदा विचारलं. मी हसलो. आयुष्यातलं ते शेवटचं निवांत हसू.

दुपारी दार वाजलं. मामाजी! चेहरा नवरदेवासारखा. हातात पेढ्यांचा पुडा. "जवाईबापू, माग लागला! खिळखिळा होता, ठोकून ठोकून उभा केला. आता उद्या फणी घेऊन जातो अन् नवा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, बांधायले बसतो."

"फणी?" मी म्हणालो. तोंडाशी नेलेला पेढा मी परत पुड्यात ठेवला.

"अहो, फणी! आपल्या सज्ज्यावर आहे ना, चादरीत. रजनीच्या आईची साडी निघाली ना, तवा मी फणीत जुन्या ताण्याची शेपटी तशीच ठेवली. आमच्यात तसंच ठेवत असते. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या धाग्याले गाठ मारून बांधायचा, की काठाचे रंग, नक्षी, सगळं आपोआप जागच्या जागी बसते. ती शेपटी गेली ना, तं सगळी फणी कोरी भरावी लागन. माझ्या डोयानं आता ते होत नाही. कोनाच्या डोयानं करू?" एवढं सांगून त्यांनी मायेनं सज्ज्याकडे नजर टाकली. "काय हो जवाईबापू, वर लय उजेड दिसून राहिला आज?"

मी खाली मांडी घालून बसलो, अंगठ्यानं उजवी नाकपुडी दाबली आणि अनुलोम-विलोम सुरू केला.

"जवाईबापू, गाठोडं कुठी आहे?"

मी डावीकडून श्वास घेतला.

"खाली ठेवलं का तुमी?"

मी उजवीकडून सोडला. प्राणायामात बोलायचं नसतं, हे मॅडमनी शिकवलेलं एकच वाक्य त्या क्षणी माझ्या कामाला आलं. मामाजी चांगल्या स्वभावाचे. "बरं बरं, होऊ द्या तुमचं," म्हणून ते हातपाय धुवायला गेले. आणि मी दोन्ही नाकपुड्या धरून जिन्यानं जो सुटलो, तो थेट शकूमावशींच्या दारात!

माझं बोलणं ऐकून मावशी आधी पाटावर बसल्या, मग भिंतीला टेकल्या, मग म्हणाल्या, "बाप्पा! कबाड्याले देली? बुढ्याची फणी? अहो, आमच्याकडे कोणी बी-बियाणं विकते का कबाडात?"

"मावशी, मी गावी परत जातो," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी थट्टा नव्हती ती. या घरानं मला जागा दिली, ताट दिलं, मुलगी दिली. आणि मी त्यांच्या शेवटच्या साडीचं मूळच एका टबाच्या बदल्यात देऊन बसलो होतो. कुठल्या तोंडानं त्या पंख्याखाली झोपणार?

"गावाले नंतर जा. आधी लकडगंजले चला," मावशी उठल्या. "तो कबाडी आपला माल तिथल्या गोदामात टाकते, मले ठाऊक आहे. पण ढीग उपसायले हात लागतीन." आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली. एकच हाक. पाच मिनिटांत गच्चीवरचा सगळा क्लास खाली! कीर्ती मॅडमसुद्धा आल्या. त्यांना वाटलं, मावशींनी सहलीला बोलावलं आहे.

माझ्या व्हॅनमधली बाकं लहान पोरांच्या मापाची. त्यांवर या सगळ्या बसल्या तेव्हा गुडघे हनुवटीला लागले आणि व्हॅन मागच्या बाजूनं रस्त्याला टेकली. मी अंगातल्या भीतीनं इतकी हळू चालवत होतो, की सायकलवाले मागून घंटी मारत पुढे जात होते. "अहो, पोरं नाहीत आत! हाणा जोरात!" मावशी ओरडल्या. मॅडम डोळे मिटून मला समजावत होत्या, "मन शांत ठेवा. जे गेलं ते सोडून द्या." त्यावर मावशी कडाडल्या, "मॅडम, सोडायचं काल झालं! आज धरायचं आहे!"

लकडगंजचं ते गोदाम म्हणजे साऱ्या नागपूरनं कृतज्ञतेनं निरोप दिलेल्या वस्तूंचा डोंगर. आणि दारातच, खुर्चीवर उभी करून ठेवलेली, आमची फणी! मी धावलो. पण गोदामाच्या शेठनी हात आडवा केला. भरदार माणूस, खांद्यावर गमछा.

"ओ भाऊ! हात नाही लावायचा. तो माल गेला."

"कुठं गेला? समोर आहे!"

"बोलणं झालं. एक हॉटेलवाला घेऊन जाते संध्याकायी. भिंतीवर टांगतो म्हणते. त्याले असंच काहीतरी जुनं पाहिजे होतं, जे काय आहे ते कोनालेच समजलं नाही पाहिजे."

मी रडकुंडीला आलो. सासरे, साडी, डोहाळजेवण, सगळं सांगून बघितलं. शेठ म्हणाले, "भाऊ, इथं येणारा प्रत्येक माणूस रडतेच. जबान म्हणजे जबान."

तेव्हा मावशी पुढे झाल्या. कमरेवर हात. मला वाटलं, आता आवाज लावणार आणि गोदामाचे पत्रे उडणार. पण त्या इतक्या गोड बोलल्या, की मीच घाबरलो.

"शेठ, रातीले झोप लागते का तुमाले?"

शेठ गडबडले. "नाही लागत. काहून?"

"लागन कशी? सगळ्या गावाचं कबाड उरावर घेऊन झोपून राहिले तुमी! ह्या आमच्या मॅडम. यायनं एक परीक्षा काढली आहे. वस्तूसमोर एका पायावर उभं राहायचं. तोल नाही गेला तं वस्तू आपली. गेला, तं ते मनावरचं ओझं, ते देऊन टाकायचं. आहे हिंमत?"

गोदामातले दोघे-तिघे हमाल जमले. शेठना माघार घेणं शक्यच नव्हतं. गमछा कमरेला बांधला, चप्पल काढली आणि फणीसमोर एका पायावर उभे राहिले.

आणि हलेनात!

मी बघतोय, बायका बघतायत, मॅडमचा तर आ वासलेला. एवढा भरदार माणूस, पण गाडलेल्या खांबासारखा उभा. अख्खं आयुष्य भंगाराच्या ढिगावर चढउतार केलेला माणूस तो! एक माशी त्यांच्या नाकावर बसली, कंटाळली, उडून गेली. शेठ तसेच. मॅडम भारावून पुटपुटल्या, "किती सुंदर आसन!" मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" माझं गाव, ट्रक, परतीची वाट, सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं.

मावशी मात्र शांत. "वा शेठ! हे तं झालं पोरासोरायचं. आता डोये मिटा. खरं ओझं मिटल्या डोयायले दिसते."

शेठनी डोळे मिटले.

(तुम्हीही घरी करून बघा. पण आजूबाजूला गादी घाला.)

आधी त्यांचा अंगठा थरथरला. मग गुडघा. मग जोडलेले हात सुटून पंख्यासारखे फिरायला लागले, आणि "अबे अबे अबे!" करत शेठ मागच्या रिकाम्या तेलाच्या डब्यांच्या मनोऱ्यावर! असा आवाज झाला, की शेजारच्या लाकडाच्या वखारीतले लोक बाहेर आले. डबे घरंगळत पार दारापर्यंत गेले. मग डब्यांमधून शेठचं डोकं वर आलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "हॉटेलवाल्याले काय, दुसरं काही टांगन. जबान म्हणजे जबान." आणि अंग झटकत मॅडमना म्हणाले, "सकायी कितीले असते हे? आत काहीतरी हललं माझ्या."

फणी मिळाली! पण मी तिच्या अंगावर पडलो होतो, मग हातगाडीवर गचके बसले होते. कडेचे काही धागे सुटून आले होते, बाकीचे निसटायला बसले होते. ती खाली ठेवली की गुंता, गुंडाळली की गुंता. व्हॅनमध्ये खाली तर नुसते गुडघेच गुडघे. शेवटी मावशींनी हुकूम सोडला, "दोघीजणी फणी धरा. बाकीच्यायनं एकेक मूठ धागे धरा. हात वर, ताणून! सैल केले तं खबरदार!"

आणि असं आमचं वाहन निघालं. समोर घामाघूम मी. मागं सगळा क्लास हात डोक्यावर ताणून, मधोमध फणी छताला टेकलेली, आणि "खांदे कानांपासून दूर... श्वास चालू ठेवा..." असं सांगणाऱ्या कीर्ती मॅडम, ज्यांच्या स्वतःच्या हातात सगळ्यात मोठी मूठ होती. एका सिग्नलला वाहतूक पोलीस वाकून आत बघायला लागला. शाळेची व्हॅन, आत हात वर केलेल्या बायका. त्याला काय वाटलं असेल, देव जाणे!

"काय चालून राहिलं हे?"

"योगा!" सगळ्या एका सुरात.

"रविवारी? व्हॅनमध्ये?"

"भाऊ, तुमाले हात खाली करून दाखवू का?" मावशींनी असं काही विचारलं, की सिग्नल हिरवा नसतानाही त्यानं आम्हाला जाऊ दिलं.

घरी जिना चढतानाही कुणी हात खाली घेतले नाहीत. पुढे दोघीजणी फणी धरून, मागं धाग्यांचा पसारा उंच धरलेल्या बाकीच्या, शेवटी मी. आवाज ऐकून मामाजी दारात आले. बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या तरुणपणी माग बसवताना फणीले हळदकुंकू लावत होते. पण अशी वरात कोनीच काहाडली नाही! जवाईबापू, हे तुमी केलं?"

मी तोंड उघडलं. शकूमावशींनी झटकन पुढे होऊन सांगितलं, "जवाईबापूच म्हणाले, अशी गुपचूप कशाले न्यायची, आधी मानानं मिरवून आणू!"

मी वाचलो! चक्क वाचलो! मामाजींनी फणी अलगद मांडीवर घेतली, धाग्यांवरून बोटं फिरवली... आणि धाग्यांतून टणकन एक सोडाबाटलीचं झाकण जमिनीवर पडलं. मागोमाग गोदामातला एक गंजका स्क्रू.

मामाजींनी झाकण उचललं. उलटंसुलटं केलं. माझ्याकडे बघितलं. माझा अंगठा आपोआप उजव्या नाकपुडीवर गेला.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "दोन्ही नाकपुड्या सोडा अन् सांगा."

मी सांगितलं. सगळं. रेडिओ, वृक्षासन, टब, हॉटेल, डबे. सांगताना माझी नजर जमिनीवर. बायकांनी कधीचे हात खाली घेतले होते, पण धागे सोडले नव्हते. बराच वेळ मामाजी कडेचे धागे बोटांनी चाचपत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. वर बघतो तर हसतायत! बसल्या जागी हसता हसता आडवे झाले. "माझ्या फोटोसमोरबी तोल गेला?" विचारायचे आणि पुन्हा हसायचे. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "थोडे धागे गेले कडेचे. ते भरता येतीन. पण माझे डोये नाहीत, तुमचे आहेत. उद्यापासून माझ्या जवय बसायचं अन् गाठी मारायच्या. अन् जवाईबापू, घर तुमचंच आहे म्हणतो मी, तं एखादा ग्लास फोडत जा. फणी नका फेकू."

रात्री रजनीनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "टब कुठी आहे?" बाळाच्या अंघोळीला तोच ठरला.

मग व्हॅनच्या फेऱ्या संपल्या की मी उमरेडला. मामाजींशेजारी बसून जुन्या धाग्याला नवा धागा बांधायचा. पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या शर्टाचा सुटलेला दोरासुद्धा ताण्याला बांधून टाकला आणि उठताना माग माझ्याबरोबर उठायला निघाला! पण साडी झाली. डोहाळजेवणाला रजनी ती नेसून बसली तेव्हा मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आधी माणूस बघितलं आणि मग काठ.

त्याच दिवशी शकूमावशींनी त्या काठावरून कितीतरी वेळ हात फिरवला आणि मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, तुमच्यासाठी मी लकडगंजपासून बेसापर्यंत हात वर धरले. मले काही नको. फक्त अशी एक साडी पाहिजे. मामाजीच्या हातची नाही हं, त्यायनं पुष्कळ केलं. तुमच्या हातची!"

भरल्या मनानं मी "व्हय!" म्हणून गेलो.

तेव्हापासून दर रविवारी मी मागावर बसतो. परवा मोठ्या अभिमानानं माझं विणलेलं कापड मामाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, कापड टोकापासून टोकापर्यंत नीट बघितलं आणि म्हणाले, "जवाईबापू, सुरुवात साडीची आहे. शेवट नाडीचा आहे."

हरकत नाही. शकूमावशी, तुमची साडी मी देणार. माझ्या हातची, करवतकाठी, दोन्ही टोकांना सारख्याच रुंदीची. शब्द म्हणजे शब्द. फक्त माझा वेग बघता त्याला काही वर्षं लागतील, आणि तेवढं दणकट आयुष्य तुम्हाला लागेल. तेव्हा मावशी, काहीही झालं तरी योगा सोडू नका!